दरवाजा दडवावा की दाखवावा?

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटते तेव्हा जंजिरा समोरच असतो. पाण्यातून सरळ वर आलेली काळी भिंत, बुरुजाला लागून बुरुज. होडीतला प्रत्येक नवखा माणूस एकच गोष्ट शोधत असतो आणि ती कुणालाच सापडत नसते: आत शिरायचे कुठून? तांडेल मात्र सुकाणूवर हात ठेवून निवांत बसलेला असतो. होडी भिंतीच्या अगदी जवळ जाते आणि मग दोन बुरुजांमधल्या सावलीतून दरवाजा एकाएकी पुढे येतो. होडीत 'अरेच्चा' उमटतेच. ज्याने हा दरवाजा असा बांधला त्याला दाद द्यावीशी वाटते. परक्या माणसाला वाट सापडू नये, हेच तर त्या बांधणीचे काम होते. रायगडाचा महादरवाजाही असाच दोन बुरुजांच्या कुशीत दडवलेला आहे.

हाच जंजिरा मागे एकदा मी आत्याला फोनवर दाखवायला बसलो. तिचे गुडघे आता हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकू देत नाहीत. कुणीतरी हौसेने किल्ल्याची चौफेर छायाचित्रे काढून, ती एकमेकांना जोडून फेरी तयार केली होती. चित्र उघडले ते थेट दरवाज्याच्या आत. आत्याने बोट फिरवले तर आभाळ आले. पुन्हा फिरवले तर फरसबंदी आली आणि तिच्यात कॅमेऱ्याच्या तिवईचे तीन पाय. पुढे जायचा बाण होता, पण तो तिच्याच अंगठ्याखाली झाकला गेला होता. शाळेच्या सहलीत पाहिलेले गोड्या पाण्याचे तळे तिला पुन्हा पाहायचे होते. पाच-सात मिनिटे ती गरागरा फिरली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "अरे, मी आहे कुठं, तेच कळेना. आणि माझ्या मागं काय आहे?"

या दोन प्रसंगांमध्ये एक खरा प्रश्न आहे. जंजिऱ्याचा दरवाजा सापडत नाही याची आपण वाहवा करतो आणि फोनवरचा बाण सापडत नाही याला आपण दोष देतो. मग चौफेर चित्रात माणसाला वाट दाखवायची ती किती? बोट धरून न्यावे, की मोकळे सोडावे? हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा मानून चालणार नाही. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारशाच्या यादीत घेतला. त्यातल्या १२ किल्ल्यांपैकी खांदेरी आणि रायगड हे दोन एकट्या रायगड जिल्ह्यातले. घारापुरीची लेणी तर १९८७ पासून त्या यादीत आहेत आणि तीही याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात. जंजिरा, कुलाबा, पद्मदुर्ग, कोर्लई यादीत नसले तरी लोकांच्या ओढीत कुठेच कमी नाहीत. या सगळ्या जागांची चौफेर चित्रे आता निघत राहणार. ती कशी चालावीत, हे आत्ताच बोललेले बरे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये चौफेर चित्राचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी केली. प्रेक्षक अंधाऱ्या बोळातून जात, जिना चढत आणि मधल्या चौथऱ्यावर उभे राहत. मग सभोवार चित्रच चित्र. अंधारातून उजेडात आणण्याची ती वाट म्हणजे त्या काळचे 'नेव्हिगेशन'च. पण तिथे वळत होती ती माणसाची स्वतःची मान. पाठीमागे काय आहे हे मानेला शिकवावे लागत नाही. संगणकावर मात्र मानेचे काम बोटाकडे आले आणि सगळी अडचण तिथून सुरू झाली.

चौफेर छायाचित्र साठवताना साधारणपणे ते सपाट पसरतात: आडवे ३६० अंश, उभे १८० अंश, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. पृथ्वीचा गोळा भिंतीवरच्या नकाशात पसरतात, तसेच. त्या नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, इथे डोक्यावरचे आभाळ आणि पायाखालची जमीन ताणली जाते. दाखवताना हा पत्रा पुन्हा गोल करून आपल्याला आत उभे केले जाते. उभ्या धरलेल्या फोनवर एका वेळी वर्तुळाचा जेमतेम सहावा-आठवा हिस्सा दिसतो. उरलेला सगळा परिसर कायम नजरेआड. आत्याचा प्रश्न अगदी नेमका होता. अशा चित्रात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 'मागे'.

पहिला वाद बोटाच्या दिशेचा. बोट उजवीकडे सरकवले तर नजर उजवीकडे वळावी, की चित्र उजवीकडे सरकावे? दोन्ही एकदम साधत नाही, कारण चित्र उजवीकडे सरकले की नजर डावीकडे वळते. अ‍ॅपलने १९९५ मध्ये आणलेल्या क्विकटाइम व्हीआरमध्ये माउस दाबून ज्या बाजूला ओढावा त्या बाजूला नजर वळत असे आणि जास्त ओढला तर जास्त वेगाने. २००७ मध्ये सुरू झालेल्या गूगल स्ट्रीट व्ह्यूने चित्रच पकडून ओढायची रीत घरोघरी नेली. पहिल्या रीतीचे समर्थक म्हणतात, माणूस चित्र ओढायला आलेला नसतो, तो पाहायला आलेला असतो, तेव्हा हुकूम नजरेला द्यावा. दुसऱ्या रीतीचे म्हणतात, बोट काचेवर टेकलेले आहे आणि बोटाखालचा दगड बोटाबरोबर यायलाच हवा.

दोन्ही रीती शिकून येतात, हे दर्यावर्दी माणसाला वेगळे सांगायला नको. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडीची नाळ उजवीकडे वळते. तांडेलाच्या पोराला ते चार दिवसांत अंगवळणी पडते. पण फेरी पाहणाऱ्याकडे चार दिवस नसतात, चार सेकंद असतात. त्यामुळे कौल सवयीच्या बाजूने द्यावा लागतो. जुलै २०२२ मध्ये स्ट्रीट व्ह्यू भारतात पुन्हा आले तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर ही आपली चार होती. रोजच्या फोटोंनाही आपण बोटाने तसेच ओढतो. म्हणून फोनवर चित्र बोटाबरोबर यावे. मात्र एक अट: बोट पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले तर देखावाही नेमका तेवढाच सरकला पाहिजे. बोटाखाली धरलेला बुरुज बोटाखालून निसटला, की पाहणाऱ्याचा विश्वासही निसटतो. आत्याला आभाळ दिसले ते याच चुकीमुळे: हलक्या स्पर्शाला चित्र अर्धी गिरकी घेत होते.

दुसरा वाद फोन हलवून पाहण्याचा. फोन उजवीकडे वळवला की चित्रही उजवीकडे वळते, वर धरला की आभाळ दिसते. ही सोय मोहात पाडणारी आहे, कारण मानेचे हरवलेले काम ती थोडेफार मानेला परत देते. लहान मुले तर फोन धरून घरभर गिरक्या घेतात. पण एसटीच्या खिडकीशी बसलेला माणूस वडखळच्या वळणावर काय करील? गाडी वळली की जंजिराही वळेल. अंथरुणाला खिळलेला माणूस मागे कसा वळेल? शिवाय काहींना त्याने गरगरते. म्हणून ही सोय असावी, पण चित्र उघडताच आपणहून सुरू होऊ नये. तिचे बटण समोर दिसावे आणि त्यावर नुसते चिन्ह न ठेवता 'फोन हलवून पाहा' असे लिहिलेले असावे. आपोआप गोल फिरत राहणाऱ्या चित्रालाही हाच न्याय. मंडपातल्या देखाव्याला फिरते चाक शोभते. वाट शोधणाऱ्याच्या पायाखाली ते नको.

तिसरा वाद सर्वांत अवघड: ठरलेली फेरी, की मोकळी भटकंती? ठरलेल्या फेरीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आपले बरेचसे जलदुर्ग आत पडझडलेले आहेत. झुडपे, जोती, पुन्हा झुडपे. जो जागा ओळखत नाही त्याला फोनवर एक कोपरा दुसऱ्यासारखाच दिसतो. प्रत्यक्ष गेलेल्या माणसाला तटावरून चालताना समुद्राचा आवाज, वारा, पायाखालचा चढ एवढ्या खुणा मिळतात. पडद्यावर त्यांतली एकही नाही. अशा वेळी १, २, ३ असे क्रमांक लावून न्यावे, यात वावगे काही नाही. शाळेच्या वर्गात शिक्षकाला तर तेच हवे असते.

विरुद्ध बाजू घारापुरीत समजते. मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरले की समोर, दक्षिणेच्या भिंतीत, सदाशिवाची ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती. बहुतेकांची पावले तिकडेच वळतात. पण त्याच लेण्याला दुसराही अक्ष आहे, पूर्व-पश्चिम; त्यावर चार दारांचे, द्वारपालांनी वेढलेले लिंगगर्भगृह आहे. लेणे खोदणाऱ्यांनी दोन ओढी एकमेकींत विणल्या. खांबांमधून चालताना कधी ही पुढे येते, कधी ती. आता त्या लेण्याला एकच बाणांची माळ घातली, तर बाण काढणाऱ्याने एक अक्ष निवडला आणि दुसरा पुसला. प्रसिद्ध मूर्ती पहिल्या थांब्यावर येते, ती पाहून माणूस फोन खिशात घालतो आणि गर्भगृह राहून जाते. ठरलेली फेरी सोय देते आणि तिच्याबरोबर निवाडाही करते. तो निवाडा कुणी केला, हे मात्र पडद्यावर कुठेच लिहिलेले नसते.

म्हणून आमचे मत असे: ठरलेली फेरी असावी, पण ती एक वाट म्हणून असावी, कुंपण म्हणून नव्हे. क्रमांकाच्या वाटेवरून केव्हाही बाजूला होता यावे आणि पुन्हा जिथून निघालो तिथे एका स्पर्शात येता यावे. भटकायची हिंमत माणसाला परतीची वाट पक्की असली की येते. कोळी खोल पाण्यात जाळे टाकतो तेव्हा किनाऱ्यावरचे देऊळ आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत धरून ठेवतो. त्याचे मोकळेपण त्या रेषेवर उभे असते.

याच्याशी जोडलेली एक बारीक गोष्ट आहे, पण फेरी बिघडते ती बहुधा तिथेच. बाणावर बोट ठेवून आपण पुढच्या थांब्यावर गेलो. आता तोंड कुणीकडे? काही जण म्हणतात, तिथली पाहण्याजोगी गोष्ट समोर आणावी. माणूस तेवढ्यासाठीच आला आहे. काही म्हणतात, ज्या दिशेने चालत आलो तीच दिशा राहावी. पहिल्या पद्धतीत दृश्य सुंदर दिसते, पण माणसाला कुणीतरी खांदे धरून गर्रकन फिरवल्यासारखे होते, आणि दोन-तीन थांब्यांनंतर समुद्र कुठल्या अंगाला हेच उमगत नाही. दिशा राखणेच योग्य. पाहण्याजोगी वस्तू मागे किंवा बाजूला असेल तर पडद्याच्या कडेला छोटे अक्षर ठेवावे: 'डावीकडे शरभ', 'मागे तळे'. वळायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

दिशांचे शब्द कोणते, यावरही विचार व्हायला हवा. बहुतेक फेऱ्यांच्या कोपऱ्यात होकायंत्र असते आणि त्यावर इंग्रजी एन. अलिबाग-मुरूडच्या माणसाला विचारा, तो उत्तर-दक्षिण फारसे बोलणार नाही. वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, दर्याकडे, डोंगराकडे. इथली जमीनच अशी उतरती आहे की एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला पाणी, यापलीकडे होकायंत्र लागत नाही. मग चित्राच्या कडेवर 'दर्या' आणि 'डोंगर' एवढे दोन शब्द फिरते ठेवले तर? यावर आक्षेप रास्त आहे: नागपूरहून पाहणाऱ्याला ते कळतील, पण नकाशाशी जुळवता येणार नाहीत, आणि जंजिऱ्यात तर चारही बाजूंना दर्याच. तिथे मग जागांची नावे उपयोगी पडतात: राजपुरी, मुरूड, पद्मदुर्ग, उघडा समुद्र. तटावर उभे राहून पद्मदुर्गाकडे तोंड केले की शिवाजी महाराजांना तो दुर्ग नेमका तिथेच का उठवावासा वाटला, ते एका नजरेत कळते. चांगले दिशादर्शन असा इतिहासही सांगून जाते. छोटा नकाशा हवा की नको, या वादात आम्ही नकाशाच्या बाजूने आहोत, फक्त तो मिटवता यावा आणि त्यावर आपण कुठे उभे आहोत आणि कुणीकडे पाहतो आहोत हे दोन्ही दिसावे.

इथवरचे प्रश्न जगात कुठल्याही चौफेर चित्राला लागू पडतील. रायगडच्या किनाऱ्याचा खास प्रश्न आहे तो वेळेचा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाता येते, घोडागाडीही जाते. भरतीला होडी लागते. ओहोटीच्या वेळी समुद्रकिनाऱ्यावरून काढलेल्या चौफेर चित्रात किल्ल्याच्या दारापर्यंत ओली वाळू पसरलेली दिसेल. पाहणारा मनात पक्के करील: चालतच जायचे आहे. चित्र खोटे नाही, पण ते दिवसातल्या काही तासांपुरतेच खरे आहे. किनाऱ्यावरच्या माणसाकडे यासाठी जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. कागद नाही, पडदा नाही, तरी किती सुबक 'इंटरफेस' आहे हा! चंद्र पाहा आणि पाय टाका.

चौफेर चित्राने निदान एवढे तरी करावे: चित्र कोणत्या दिवशी, किती वाजता, भरती-ओहोटीच्या कोणत्या टप्प्यावर काढले ते पहिल्याच नजरेत सांगावे. त्याहून चांगले म्हणजे एकाच जागेवरून भरतीचे आणि ओहोटीचे अशी दोन चित्रे आणि मध्ये एक सरकपट्टी. पट्टी सरकवली की पाणी वाळूवर चढते. खर्च दुप्पट होईल, पडदा भरून जाईल, चित्र निर्मळ राहणार नाही, असे म्हणणाऱ्यांचे ऐकून घ्यावे. इतर ठिकाणी त्यांचे मानूनही घ्यावे. पण जिथे पाहणारा उद्या त्या वाळूवर खरोखर पाय ठेवणार आहे, तिथे ही सूचना सजावट ठरत नाही. या बाबतीत आम्हाला मध्यममार्ग दिसत नाही.

छायाचित्र काढणाऱ्यांचीही एक अडचण समुद्रावरच उघडी पडते. कॅमेरा किंचित कलला असेल तर डोंगरात ते खपून जाते. समुद्राची सरळ रेघ मात्र लगेच चुगली करते. फिरवत गेले की क्षितिज एकदा वर चढते, एकदा खाली उतरते आणि पाहणाऱ्याच्या पोटात होडी लागल्यासारखे होते. ते सरळ करणे हे पडद्यामागचे काम आहे, पण 'सहज वाटणाऱ्या' फेरीत निम्मे श्रेय अशाच न दिसणाऱ्या कामाला असते.

आता शब्दांचे. काहींना चित्रावर एकही अक्षर नको असते. दगडाला बोलू द्या, असे ते म्हणतात. पण दगड सगळ्यांशी बोलत नाही. जंजिऱ्याच्या दरवाज्याशी पंजांत हत्ती धरलेला शरभ कोरलेला आहे; न सांगितल्यास दहांतले नऊ जण त्याच्याकडे न पाहताच आत जातील. दुसऱ्या टोकाला अशा फेऱ्या आहेत, की ठिपक्यांवर ठिपके पडून भिंतीला गोवर आल्यासारखा दिसतो. ठिपके थोडे असावेत, त्यावर दोन-तीन शब्द असावेत आणि हवे त्याला पुढचे वाचता किंवा ऐकता यावे. मराठी आधी असावी. आणि ती 'येथे क्लिक करून अन्वेषण करा' अशी नसून 'आत चला', 'तटावर चढा', 'मागे फिरा' अशी असावी. होडीत वाटाड्या सांगतो त्या कथांनाही जागा असावी, पण आख्यायिका असेल तिथे 'असे सांगतात' म्हणायला विसरू नये. जंजिरा राखणाऱ्या सिद्दींचा इतिहास आणि तो किल्ला घेण्यासाठी मराठ्यांनी केलेले प्रयत्न, दोन्ही त्याच तटावर उभे राहून सांगता येतात. एका बाजूचा ठिपका मोठा आणि दुसऱ्याचा गायब, असे झाले तर ती चूक केवळ मांडणीची राहत नाही.

काही गोष्टी अक्षरांतही मावत नाहीत. खांदेरीवर एक दगड आहे. त्यावर दुसरा दगड आपटला की धातूसारखा नाद येतो. चौफेर चित्रात तो इतर दगडांसारखाच मुका पडून राहील. तिथे एक ठिपका आणि तो आवाज एवढे पुरे आहे. लिहिलेल्या परिच्छेदापेक्षा ते जास्त सांगेल.

आणि ज्यांना पाहताच येत नाही किंवा ज्यांचे बोट थरथरते, त्यांचे काय? वेबच्या सुगम्यतेच्या जागतिक निकषांची २०२३ मध्ये आलेली आवृत्ती सांगते, की जे काम ओढून होते ते न ओढता, साध्या टिचकीनेही करता आले पाहिजे. म्हणजे डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे अशी ठळक बटणे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सरकारी पैशातून होणाऱ्या फेरीने तरी हे टाळू नये. नीटस पडद्याचे चाहते कुरकुरतील की बटणांनी देखावा झाकतो. त्यांची तक्रार खरी आहे. म्हणून बटणे खालच्या कडेला, अंगठा पोचेल पण अंगठ्याखाली झाकणार नाहीत, अशी असावीत. किनाऱ्यावर रेंज कुठे येते, कुठे जाते, हेही ध्यानात ठेवावे. आधी अंधूक चित्र लगेच यावे, मग समोरचा तुकडा स्पष्ट व्हावा, मग बाकीचे. पांढऱ्या पडद्यावर फिरणारे चक्र पाहत बसणे म्हणजे वारा पडलेल्या होडीत बसणे.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. सगळे फोनवर दिसू लागले तर होडीवाला, वाटाड्या, सरबत-शहाळीवाली यांनी काय करायचे? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ज्याला पावसाळ्यात पाहायचे आहे त्याच्यासाठी होड्या बंदच असतात, आणि ज्याचे गुडघे गेले आहेत तो एरवीही येणार नव्हता. बाकीच्यांना चांगली फेरी दोन गोष्टी सांगते: काय पाहायचे आणि तिथे पोचणे किती जमण्यासारखे आहे. होडी हलत असताना पायरीवर पाय टाकावा लागतो, हे आधी पाहिलेला माणूस आजीला तयारीने आणील किंवा शहाणपणाने घरी ठेवील. तरीही एक पथ्य पाळावे: फेरी किल्ल्याच्या आत सुरू करू नये. ती राजपुरीच्या धक्क्यावर सुरू व्हावी. दुसरा थांबा होडीत, तांडेलाशेजारी. मग भिंत, आणि मग दरवाजा.

इथे सुरुवातीचा प्रश्न सुटतो, निदान सैल होतो. होडीतल्या थांब्यावर दरवाज्यावर बाण रोवू नये. नजर भिंतीवरून फिरू द्यावी. पण माणूस दहा-बारा सेकंद नुसताच फिरत राहिला तर त्या सावलीकडे एक हलकी खूण उमटावी, वाटाड्या हनुवटीने दाखवतो तशी. शोधण्याचा आनंद आणि हरवण्याचा त्रास यांमध्ये थोड्या सेकंदांचेच अंतर असते, आणि मांडणी करणाऱ्याचे कसब ते सेकंद ओळखण्यात आहे. ते टेबलाशी बसून ओळखता येत नाहीत. मुरूडचा एखादा शाळकरी पोरगा, धक्क्यावरची एखादी मासळीवाली, एखादे निवृत्त मास्तर यांच्या हातात फोन द्यावा, काही न सांगता शेजारी बसावे आणि बोट कुठे अडते ते पाहावे. याला निविदा लागत नाही, एक दुपार लागते.

पहिले पाऊल निश्चित हवे, परतीची वाट निश्चित हवी, आणि समुद्रावर असाल तर भरतीची वेळ निश्चित हवी. मधला सगळा मुलूख पाहणाऱ्याचा. परवा आत्याकडे गेलो तेव्हा तीच जुनी फेरी पुन्हा उघडली; तिच्यात काहीच सुधारलेले नव्हते. या वेळी मी शेजारी बसून एवढेच म्हणालो, "आत्या, दरवाजा समोर, तळं मागं." तिने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला, बोट हळूहळू सरकवत अर्धे वर्तुळ पुरे केले आणि थांबली. पाणी हिरवे होते. ती म्हणाली, "हेच ते. पायऱ्या मात्र तेव्हा जास्त वाटल्या होत्या."